परदेशी गेलेल्या घाट्या

१

मैनाबाईने आपल्या बैलांच्या गळ्यातल्या घाट्या कौंडण्यपूरच्या जत्रेत ऐकल्या, तेव्हा त्या परदेशी विकल्या गेल्याला पोळा, दसरा, दिवाळी असे तीन सण उलटून गेले होते.

दिवस कलला होता. नदीकाठच्या मोकळ्या जागेतून गाड्या सुटून परतीला लागल्या होत्या आणि धुरळ्यानं माणसाला माणूस दिसत नव्हतं. मैनाबाई प्रसादाचा पुडा पदरात बांधत होती आणि मागून घाट्यांची जोडी वाजत गेली. एक घाटी बारीक, लांब वाजणारी. दुसरी घोगरी, वाजता वाजता मध्येच घसा बसल्यासारखी. तिनं पुडा टाकला आणि त्या आवाजामागे धावली. गाड्या ओलांडल्या, बैलांच्या गळ्यांत डोकावून पाहिलं, एका गाडीवानाच्या शिव्याही खाल्ल्या. तोवर आवाज पुढे निघून गेला होता.

"माह्याच व्हत्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"भास झाला तुले," नत्थुजी म्हणाले. "घाट्या साऱ्या सारख्याच वाजते. चाल, यष्टी सुटन."

हे सगळं मैनाबाई बाळापूरला माणिकबाई तायड्यांच्या ओसरीवर बसून सांगत होती. माणिकबाई बाळापूरच्या पोस्टात पोस्टमास्तर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी हरवलेल्या पार्सलापासून सासू-सुनेच्या भांडणापर्यंत लोक अजून त्यांच्याचकडे येत. त्या कोणाच्या बाजूनं बोलत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

"बैल काहून इकले?" माणिकबाईंनी विचारलं.

"चारा नाई, पानी नाई. दोन सालापासून विहीर कोरडी. डोयासमोर जनावर वायताना पायवत नाई, बाई. कुऱ्ह्याचा गजेंद्र भोयर आला, तो घेऊन गेला. दावणीतून सोडताना म्हने, घाट्या बी द्या. मी देल्या नाई. म्हनलं, बैल नेले तेवढं पुरे."

"मंग सरफराजच्या दुकानात देल्या."

"हाव. पन कबूल करून घेतलं त्याच्यापासून. मुलखाबाहेर पाठवजो. इथल्या कोनत्याच बैलाच्या गयात त्या वाजल्या नाई पाह्यजे." मैनाबाईने डोळे पुसले नाहीत; ती रागावलेली होती. "त्याच्या बहिनीनं मले फोन केला. म्हने, मौसी, गोऱ्या बाईनं घेतल्या. आता ती गोरी बाई कौंडण्यपुरात बैलगाडी हाकून राह्यली का?"

२

सरफराजचं दुकान बाळापूरच्या किल्ल्याच्या उतारावर होतं. त्याचे वडील नबीमियाँ जुने ओतारी. काशाच्या घाट्या, पितळी घुंगरं त्यांनी उभ्या तालुक्याला पुरवली. मग ट्रॅक्टर आले, पाठोपाठ कोरडी सालं आली, गोठे रिकामे झाले आणि भट्टी विझली. पण रिकाम्या गोठ्यांतल्या खुंटीवर घाट्या उरल्या होत्या. त्या 'देशावर' नावाच्या साइटवर विकायची कल्पना सरफराजची. परदेशातले लोक त्या दाराला टांगायला घेत.

साइट प्रत्येक विक्रीवर आपली दलाली कापे. खरेदीदाराचा पत्ता परदेशातला असला की त्यावर आणखी एक शुल्क कापलं जाई. दुकानात त्याला सगळे परदेशी कट म्हणत. हा कट माल देणाऱ्याच्या वाट्यातून जाई आणि सरफराज हे आधीच सांगे: इथल्या इथं विकली तर जास्त मिळतील, बाहेर पाठवली तर कमी. नवल असं की बहुतेक सगळे कमी घ्यायला तयार असत. आपल्या बैलाची घाटी दुसऱ्याच्या गळ्यात ऐकू येऊ नये, याची ती किंमत होती आणि ती लोक मुकाट्यानं मोजत.

माणिकबाई दुकानात शिरल्या तेव्हा सरफराजची धाकटी बहीण उज्मा संगणकासमोर बसली होती. साइटचं काम तीच पाहायची. माणिकबाईंना पाहताच तिनं पडदा बंद केला.

माणिकबाईंनी ते पाहिलं.

"मॅडम, कुरान की कसम," सरफराज म्हणाला. "मौसीच्या घाट्या मी सोता डब्यात भरल्या. ओमप्रकाशच्या गाडीत चढवल्या. पुढं काय झालं, मले नाई मालूम."

"पत्ता कोनाचा व्हता?"

"पत्ता आमाले दिसतच नाई. साइट फकत नाव दाखवते. पत्त्याची चिठ्ठी कुरिअरवाल्याच्या मशीनवर निघते."

"मंग माल बाहेरच जाईन, हे कसं ठरवता?"

उत्तर उज्मानं दिलं, खाली बघत. "नावावरून, आंटी. देशी नाव दिसलं का मी ऑर्डर रद्द करतो. मौसी अन् नत्थुकाका घाट्या घेऊन आले त्या दिवशी हे त्यांच्याच पुढ्यात सांगतलं. पयले असं नव्हतं, मौसीच्या हट्टापायीच सुरू केलं."

"आन् त्या ऑर्डरवर नाव कोनाचं व्हतं?"

"कोनी विलायती बाई होती." उज्मा उठली. "चाय ठेवतो."

ती आत गेली ती बाहेर आली नाही. चहा नबीमियाँ घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कप बशीत वाजत होता.

"बाहेर काय बोलतेत, मले मालूम आहे," ते म्हणाले. "म्हनतेत, बुढ्यानं दुसरी जोडी ओतली, नकली बाहेर पाठवली, असली गुपचूप इकली. बाई, ती एक घाटी घोगरी काहून वाजते? ओतताना माह्या हातून चूक झाली. नत्थुजीच्या बापाले म्हनलं, बदलून देतो. त्यो म्हने, ऱ्हाऊ दे, बैल ओयखतीन. आता चूक दुसऱ्यांदा अगदी तशीच करता येते का?"

बाप मुलासाठी काहीही बोलू शकतो, हे माणिकबाईंना ठाऊक होतं.

३

ओमप्रकाशचं कुरिअर अकोल्याला, बसस्टँडच्या मागे. तो गोणीतून डबे काढून फेकत होता आणि फेकता फेकताच बोलत होता.

"रोजचे एवढे डबे, मॅडम. कोनता कुठं गेला, कसं याद राहीन? आन् राह्यला तरी सांगता येत नाई. कंपनीचा नियम हाये."

"पत्ता नको सांगू. सरफराजचा माल कुठं जाते, एवढंच सांग."

"मुंबईच्या गोदामात. तिथून विमानानं बाहेर." तो थांबला. "बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"बहुतेक म्हंजे बहुतेक." त्यानं पाठ फिरवली आणि मोठ्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली. तिथं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई पातूरपलीकडे मैनाबाईच्या गावी गेल्या. मैनाबाई निंदणाला गेली होती, घरी नत्थुजी एकटेच होते. गोठा झाडून ठेवलेला. दावणीत शेणाचा ठिपूस नव्हता. नत्थुजींनी लंगडत जाऊन खुर्ची आणली.

"पायाले काय झालं?"

"हे जुनं हाये. लहानपनी गाडीच्या चाकाखाली आला. तोडाच लागला असता. इथं मिशनचा दवाखाना व्हता, तिथल्या अगनेसबाईनं वाचवला. जलमात पायलेली एकली गोरी बाई." ते क्षणभर हसले, मग गंभीर झाले. "बाई, तुमी कायले एवढी पायपीट करता? तिले भास झाला. मी तं म्हनतच व्हतो, यंदा जत्रेले जाऊ नोको. घरात सोयाबीन पडेल हाये, कायले खर्च? आयकलं नाई तिनं."

"तिच्या मायेरची जत्रा हाये. दरसाल जाता नं तुमी?"

"जातो. पन यंदा नोकोच वाटत व्हतं."

"बैल इकल्यावर गजेंद्र भोयरची भेट झाली का कधी?"

"नाई." नत्थुजी उठले. "पानी आनतो."

परतीच्या यष्टीत माणिकबाईंना राहून राहून एकच वाटत होतं. आतापर्यंत ज्याला ज्याला विचारलं, त्यानं शेवटी पाठ फिरवली होती.

४

कुऱ्ह्याला पोचायला त्यांना अमरावतीहून गाडी बदलावी लागली. गजेंद्र भोयरचा वाडगा, म्हणजे गुरं बांधायची कुंपणाची जागा, गावाच्या टोकाला. त्या फाटकापाशी पोचल्या न पोचल्या तोच आतून आवाज आला. एक बारीक, एक घोगरा.

दोन पांढरे बैल गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होते आणि मान हलली की घाट्या वाजत होत्या. लपवलेलं काही नव्हतं. गजेंद्रच पुढे आला, चाळिशीचा, बनियनवर, हातात खरारा.

"मैनाकाकूनं पाठवलं का?" त्यानंच विचारलं.

"तिले ठाऊक नाई मी इथं आलो थे. या घाट्या तुह्यापाशी कशा?"

"पैसे मोजून घेतल्या. चोरीच्या नाई."

"कोनापासून?"

"थे नाई सांगत." आवाजात उद्धटपणा नव्हता. "शब्द देल्ला हाये मी."

"सरफराजले?"

गजेंद्र बैलाच्या पाठीवर खरारा फिरवू लागला. दारात त्याची कॉलेजात जाणारी मुलगी आकांक्षा उभी होती, हातात मोबाइल. तिनं बापाकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

माणिकबाई बैलांकडे पाहत राहिल्या. "चांगले ठेवले हायेत."

"आता बरे खाते," गजेंद्र म्हणाला.

"आता म्हंजे? आधी खात नव्हते?"

गजेंद्रचा खरारा थांबला. "बाई, अंधार पडाच्या आत निघा. शेवटली गाडी चुकन."

त्या निघाल्या. पण बातमी त्यांच्या आधी पोचली. वाडग्याच्या कुंपणापाशी कोणीतरी उभं होतं, त्यानं पातूरला फोन केला, पातूरहून बाळापूरला. सकाळी त्या उठल्या तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की घाट्या गजेंद्र भोयरकडे सापडल्या, आणि सरफराजच्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी दगड मारून पोचा पाडला होता.

५

शटर अर्धं उघडं होतं आणि बाहेर पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी म्हणत होतं, दोन्हीकडून पैसे खाल्ले. कोणी म्हणत होतं, यांच्यावर भरोसा ठेवला तिथंच चुकलं. 'यांच्यावर' म्हणताना तो माणूस किल्ल्याखालच्या मोहल्ल्याकडे हात करत होता. उद्या आठवडी बाजार. उद्या सगळे आपापला माल उचलणार आणि तिथून थेट ठाण्यात जाणार, असं ठरत होतं. नबीमियाँ शटरच्या आड खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते.

गर्दीत हलीमाबी होती. नवरा गेल्यावर तिनं त्याच्या गाडीच्या बैलांच्या घाट्या दुकानात दिल्या होत्या. ती सरफराजच्याच मोहल्ल्यातली, तरी आज तिचाही आवाज चढला होता.

"मेरेकू भी फसाया," ती माणिकबाईंना म्हणाली. "मैनाबाईची जोडी आन् माझी जोडी, भाव सारखाच लागला. तिले तीनशे रुपये जास्त देल्ले, मले कमी. एकीले एक, दुसरीले एक. ऐसा कायकू?"

"तुही जोडी कुठं गेली व्हती?"

"बाहेर. गोऱ्यानं फोटू बी पाठवला, दरवाज्याले टांगल्याचा. उज्मानं दाखवला मले."

"आन् तुह्या पैशातून परदेशी कट गेला व्हता?"

"गया ना. वो तो जाताच."

माणिकबाई तिथंच उभ्या राहिल्या. आजूबाजूला सगळे सरफराजनं किती खाल्लं याचा हिशेब करत होते. मैनाबाईला कमी मिळाले, असं एकजणही म्हणत नव्हता, कारण तिला कमी मिळालेच नव्हते. जास्त मिळाले म्हणून कोणी कधी तक्रार करत नाही.

त्या वाकून शटरखालून आत गेल्या आणि उज्माच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"पोरी, मी आलो का तू पडदा काहून बंद करतो?"

उज्मा रडायला लागली. रडू आवरल्यावर म्हणाली, "मौसीच्या ऑर्डरवर परदेशी कट लागलाच नाई, आंटी. पैसे आले तेव्हा ध्यानात आलं. मले वाटलं साइटची गलती झाली. विचारलं तं वापस घेतीन. मौसीचे बैल गेले व्हते, म्हनलं चार पैसे जास्त भेटू दे. सगळे तिले देऊन टाकले. भाईजानले बी नाई सांगतलं. आता लोक म्हनतीन, हिनंच गडबड केली."

"साइटची गलती नव्हती," माणिकबाई म्हणाल्या. "तू नाव पाहतो. साइट पत्ता पाहते. पत्ता इथलाच व्हता."

सरफराज पुढे सरकला. "म्हंजे गजेंद्रनं साइटवरूनच घेतल्या? खोट्या नावानं?"

"नाव काय व्हतं, उज्मा? नेमकं सांग."

"अ‍ॅग्नेस बाय. मले वाटलं बाय आडनाव असन. विलायतेत असते नं तसं."

माणिकबाईंनी ते नाव एकदा मनात म्हटलं. मग हळू, वऱ्हाडी तोंडानं, पुन्हा म्हटलं. आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोन हाये, मॅडम?" सरफराजनं विचारलं.

"उद्या दुकान उघडं ठेवजो," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

६

बाजाराच्या दिवशी सकाळी नत्थुजी मैनाबाईबरोबर बाळापूरला आले. मैनाबाई बायांच्या घोळक्यात पुढे गेली आणि ते लंगडत मागे राहिले. माणिकबाईंनी त्यांना आपल्या ओसरीवर बोलावलं.

"नत्थुजी, मी जे बोलतो त्यात काई चुकलं तं सांगजा," त्या म्हणाल्या. "सरफराजनं घाट्या परभारे इकल्या असत्या तं साइटले दलाली देलीच नसती. साइटनं दलाली कापली, म्हंजे माल साइटवरूनच गेला. आन् खोटी ऑर्डर त्याची का उज्माची असती, तं त्याईनं परदेशी कट लागला म्हनून मैनाबाईचे तीनशे कापून घेतले असते. तेवढ्यानं सोंग पुरं झालं असतं, पैसे बी सुटले असते. त्याईनं कापले नाई. म्हंजे दुकानवाले बी फसले."

नत्थुजी खाली पाहत होते.

"गोरं नाव कोनाले फसवाले घेतलं? साइटले नाई, ती नावाकडे पाहतच नाई. मैनाबाईले. तिची अट ज्याले ठाऊक, आन् उज्मा फकत नाव पाहते हे ज्यानं आयकलं, त्याचं हे काम. उज्मानं थे बोलनं दोघाच्याच पुढ्यात काढलं. त्यातली एक मैनाबाई." त्या थोडं थांबल्या. "आन् गजेंद्रची आकांक्षा मोबाइलवरून ऑर्डर टाकत व्हती, तिले फोनवर नाव सांगाची वेय आली, तेव्हा दुसऱ्याले जलमात एकच गोरी बाई ठाऊक व्हती. पोरीनं आयकलं तसंच लिहून टाकलं. बाईसगट."

रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्या लोकांचा गलका येत होता.

"बैल खात नव्हते," नत्थुजी म्हणाले. "गजेंद्रचा फोन आला. म्हने, काका, कडबा हुंगते आन् मान फिरवते. मी न सांगता जाऊन आलो कुऱ्ह्याले. हरण्यानं मले ओयखलं. कवड्या तं उठला बी नाई. बाई, वासरू व्हते तव्हापासून थे त्या आवाजावर चालते. आवाज बंद झाला तं त्याईले वाटलं आसन, काम सरलं आपलं. गजेंद्र म्हने, घाट्या द्या. आता मैनीले कसं सांगू? ती म्हने, थो आवाज कानावर पडला तं मी मरन. मले वाटे, थो आवाज बंद पडला तं थे मरतीन. दोघाईचं खरं व्हतं."

"मंग तिले सांगाचं व्हतं."

"बैल इकाले मीच काढले व्हते. ती नाई म्हनत व्हती. आता कोनत्या तोंडानं बोलू?"

माणिकबाई उठल्या. "नत्थुजी, तिकडं शटरवर दगड पडला. नबीमियाँले मोहल्ल्यावरून बोलून राह्यले लोक. ती पोरगी कालपासून जेवली नाई. तुमी सांगा. नाई तं मले सांगावं लागन, आन् माह्या तोंडून मैनाबाईनं आयकनं बरं नाई."

नत्थुजी हात टेकून उठले.

७

दुकानासमोर माणसं दाटली होती. मैनाबाई सगळ्यांच्या पुढे होती. नत्थुजी गर्दीतून वाट काढत शटरपाशी गेले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. मोठं बोलायची त्यांना सवय नव्हती. पहिलं वाक्य मागच्यांना ऐकूच गेलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

"सरफराजनं काई नाई केलं. घाट्या मीच गजेंद्रले घ्याले लावल्या. खोटं नाव मी सांगतलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक. मध्येच कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप केलं. काल मोहल्ल्याकडे हात करणारा माणूस आता मागे सरकून पानाच्या टपरीवर उभा होता. मैनाबाई नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या मागच्या पोचा पडलेल्या शटरकडे पाहत होती.

बोलणं संपल्यावर ती पुढे झाली. सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला काही बोलणार. ती त्याच्या बाजूनं आत गेली, नबीमियाँच्या खुर्चीपाशी थांबली आणि खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. नबीमियाँना दिसलं नाही कोण आहे ते. "कोन?" त्यांनी विचारलं. उज्मानं कानात सांगितलं. म्हाताऱ्यानं हात वर उचलला, पण तो मैनाबाईच्या डोक्यावर पोचेपर्यंत ती उठून बाहेर पडली होती.

लोक पांगले. हलीमाबीनं उज्माकडून परदेशी कट पुन्हा एकदा समजून घेतला आणि विकायला दिलेली आपली घुंगरांची माळ दुकानातच ठेवली. पण सातआठ जणांनी त्या दिवशी माल उचललाच. काही नाही, म्हणाले, घरीच बरा. दगड कोणी मारला ते निघालं नाही, सरफराजनं विचारलंही नाही. उज्मा मात्र त्या दिवसापासून नावाच्या भरवशावर राहिली नाही. पैसे जमा होईपर्यंत, परदेशी कट लागल्याचं दिसेपर्यंत, माल गेला असं ती कोणालाच सांगत नसे.

संध्याकाळी माणिकबाई त्या दोघांना यष्टीवर सोडायला गेल्या. मैनाबाई बाकाच्या एका टोकाला बसली होती, नत्थुजी दुसऱ्या टोकाला. पातूरची गाडी आली, लोक दाराकडे धावले. मैनाबाई पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "हरण्या खाते का आता?"

"खाते," नत्थुजी म्हणाले.

"आन् कवड्या?"

"तो बी."

ती वर चढली. खिडकीजवळ जाऊन बसली आणि शेजारची जागा कोणी घेऊ नये म्हणून तिच्यावर पिशवी ठेवली. नत्थुजी लंगडत लंगडत तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.